चढणीचा पाट

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे. जुना म्हटलं की तुम्ही लगेच कीव करायला लागता. ती राहू द्या. मी सागवानी आहे. मला कीड लागली नाही, मी फाटलो नाही, आणि माझ्यावर बसून आजवर कुणी पडलेलं नाही. आज माझ्या दोन्ही बाजूंना नक्षी कोरलेली आहे, अंगात काळी शाई मुरली आहे आणि खालच्या दोन आडव्या खुऱ्या, म्हणजे माझे पाय, निघाल्या आहेत. त्यामुळे माझ्यावर आता बसता येत नाही. तरी लोक मला पाटच म्हणतात आणि मीही तेच म्हणतो. हे कसं झालं ते सांगतो. मध्ये बोलू नका.

माझा जन्म रिठदच्या एका सुताराच्या ओट्यावर झाला. केनवडच्या बाहेर माळावर एक तांडा आहे. तिथला मोहनसिंग एका मोडक्या दाराची फळी सायकलला बांधून सुताराकडे घेऊन आला. सुतार म्हणाला, "चार खिळे मारतो, घंटाभरात घेऊन जाय."

"खिळा नाई पायजे," मोहनसिंग म्हणाला. "खिळा वर येते अन् लुगडं फाडते. खाच कर अन् खाचेत खुरी बसव. अन् रुंद कर. माही बायको मांडी घालून बसते. एकदा बसली का लवकर उठत नाई."

सुतार कुरकुरला, पण त्याने दोन दिवस लावून खाचा केल्या. खुऱ्या अशा बसल्या की चाळीस वर्षांत हलल्या नाहीत. मी कुणाची उगाच स्तुती करत नाही. पण तो कारागीर होता.

ती बायको म्हणजे कमलीबाई. तेव्हा तिशीच्या आत होती. आता सत्तरीला आली आहे आणि घर अजून तिच्याच आवाजावर चालतं. ते लोक बंजारा. घरात गोरमाटी बोलतात. ती तुम्हाला कळायची नाही, म्हणून त्यांचं बोलणं मी बाजारातल्या बोलीत सांगतो आहे. आईला आणि सासूला ते याडी म्हणतात, तेवढा शब्द राहू दिला आहे.

माझं काम एकच, लोकांना बसवून घेणं. हे काम हलकं समजू नका. बसण्यावरून माणूस कळतो. तांड्याचे नाईक दौलतसिंग जेवायला बसले की वरून अगदी देवासारखे शांत दिसायचे, पण त्यांचा उजवा गुडघा सारखा उडायचा. तो मलाच माहीत. कमलीबाईचा लेक विनोद हळदीला बसला तेव्हा इतका वळवळला की निम्मी हळद मलाच लागली. त्याची नवरी निता मात्र घरात आली त्या दिवशी माझ्यावर हळूच बसली, माझ्याखाली कुणी झोपलेलं असावं तशी. आणि कमलीबाई बसायची ती पूर्ण वजन टाकून. माझ्यावर बसूनच तिने कितीतरी ओढण्यांच्या किनारी भरल्या. दुपारभर सुई चालायची, तोंडही चालायचं, पण बूड हलत नसे.

पाहुणे म्हणायचे, "पाट मोठा झकास हाये व, कमलीबाई."

"पाट पाहाले आले काय? जेवा," ती म्हणायची. पण ऐकून घ्यायची. मीही घ्यायचो.

मग प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. चार लाल खुर्च्या. सहा महिन्यांत एकीचा पाय मोडला, तरी त्यांचा रुबाब कमी झाला नाही. मोहनसिंग गेला. कमलीबाईचे गुडघे दुखायला लागले, तीही खुर्चीवर बसू लागली. मला पिठाच्या डब्याखाली घातलं, डब्याला ओल लागू नये म्हणून. सात-आठ वर्षं मी तो डबा पेलला. तक्रार करत नाही. पण त्या सात-आठ वर्षांत मला एकदाही कुणी पुसलं नाही, हेही लिहून ठेवा.

आता फेटियाचं सांगतो. फेटिया म्हणजे बंजारा बायकांचा घेरदार घागरा, भरतकामाचा, आरसे आणि कवड्या लावलेला. कमलीबाईच्या आईने, हिरीबाईने, लेकीच्या लग्नासाठी तो स्वतः भरला होता. कमलीबाई पुढे लुगडं नेसायला लागली, पण फेटिया तिने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला. वर्षातून एकदा तो बाहेर निघायचा, धुऊन वाळला की परत पेटीत.

गेल्या वर्षी कमलीबाई चार दिवस पोहरादेवीच्या दर्शनाला गेली होती. विनोद ट्रकवर, तो महिना महिना घरी नसतो. निता एकटी होती. पेटी उघडून बघते तर आत उंदीर शिरलेला. फेटियाचा घेर एका अंगाने कुरतडून टाकलेला. तशात दारावर जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई आली. निताला वाटलं, हे असलं म्हातारीच्या नजरेला पडण्यापेक्षा गेलेलं बरं. उंदराचं नाव सांगू, दोन दिवस रडेल आणि विसरेल. तिने फेटिया दिला आणि स्टीलचा गंज घेतला, पाण्याचं उंच भांडं.

मी निताची बाजू घेत नाही. विचारायला पाहिजे होतं. ती दुसऱ्याच दिवशी त्या बाईला शोधायला रिसोडच्या बाजारात दोन चकरा मारून आली, हे खरं. बाई सापडली नाही, हेही खरं.

कमलीबाई परत आली, पेटी बघितली, गंज बघितला. "माह्या मायचं कातडं ईकलं हिनं," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून सुनेशी बोलणं बंद.

बोलणं बंद म्हणजे गप्प नव्हे. कमलीबाई गप्प बसणाऱ्यातली नाही. ती अंगणातल्या बकरीशी बोलायला लागली.

"बकरे, त्या बाईले सांग, भाजीत मीठ जास्त हाये."

निता भाकर थापता थापता म्हणायची, "बकरे, त्याइले सांग, भाजी कालचीच हाये. काल गोड लागली."

"बकरे, तिले म्हण, काल भूक होती."

बकरी दोघींकडे बघून रवंथ करायची. असं वर्षभर चाललं. त्या गंजातलं पाणी कमलीबाई प्यायली नाही.

मार्चमध्ये बचत गटाच्या बायकांसाठी केनवडच्या समाजमंदिरात दर रविवारी एक वर्ग सुरू झाला. लाकडावर नक्षी उठून राहील असं भोवतीचं कोरायचं, तिला शाई लावायची, वर कागद ठेवून घासायचा. कागदावर छाप उठतो. त्याला छापाचित्र म्हणतात. शिकवायला रिसोडहून वैजयंतीबाई यायच्या, शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेल्या. त्यांनी सगळ्यांना घरातलं एखादं जुनं सपाट लाकूड आणायला सांगितलं होतं.

निताने डबा बाजूला केला, मला काढलं आणि ओल्या फडक्याने पुसलं. बरं वाटलं. दारात कमलीबाई उभी.

"बकरे, इचार तिले, पाट कोणाले देऊन राह्यली? आता कढई घेते का पातेलं?"

"बकरे, सांग, क्लासले नेऊन राह्यली. संध्याकाळी वापस आनतो."

"माह्या नवऱ्यानं बनवून घेतलेला पाट माह्याशिवाय गावात जाणार नाई." असं बकरीला ऐकवून कमलीबाईने चपला घातल्या आणि आमच्या मागून निघाली. निता पुढे, मी तिच्या काखेत, म्हातारी दहा पावलं मागे. रस्त्यात भेटलेल्या कुणालाही दोघींनी कारण सांगितलं नाही.

वैजयंतीबाईंची रीत वेगळी होती. आधी सगळ्यांनी मिळून खोली झाडायची. मग भिंतीकडे तोंड करून गप्प बसायचं आणि श्वास मोजायचे, एक ते दहा, परत एकपासून. त्यानंतर कोरणी हातात घ्यायची. छाप निघेपर्यंत बोलायचं नाही.

"जपानात काही साधू आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांच्या पंथाला झेन म्हणतात. शब्द आपलाच, ध्यान. इथून चीनला गेला, तिथून जपानला, आणि जाता जाता त्याचा झेन झाला. ते म्हणतात, काही मिळवायला बसू नका. नुसतं बसा. आणि उठलात की हातात जे काम असेल तेवढंच करा. झाडता तर झाडा. कोरता तर कोरा. एका श्वासाला एक घाव. आणि लाकूड कोरलं की परत जोडता येत नाही, म्हणून घाई नाही."

"श्वास मोजाचे?" कमलीबाई दारातून म्हणाली. "ते काय बकऱ्या हायेत, एखादी कमी भरन?"

बायका हसल्या. वैजयंतीबाईही हसल्या. "मोजून बघा आजी. तीनच्या पुढे हरवतात."

कमलीबाईला हरणं ठाऊक नाही. ती आत आली, निताच्या हातातून मला ओढलं, भिंतीपाशी ठेवलं आणि वर मांडी घातली. "पाट बसासाठी असते," ती भिंतीला म्हणाली. "कोराचं असन त्यानं आपलं लाकूड आनावं."

"बसा की," वैजयंतीबाई म्हणाल्या. "इथलं अर्धं काम तेच आहे."

कुणीच भांडलं नाही याचा कमलीबाईला राग आला. निताला बाईंनी खोक्याच्या लाकडाचा एक तुकडा दिला. ती गुपचूप त्यावर कडुनिंबाचं पान कोरायला बसली.

तीन रविवार कमलीबाई माझ्यावर नुसती बसली. शेजारच्या आळीतली तुळसाबाई कुजबुजली, "कमले, तू शिकाले येतं का पहारा द्याले?"

"दोन्ही. तू तुह्या रेघा पाह्य. साऱ्या वाकड्या हायेत."

वैजयंतीबाईंनी ओठावर बोट ठेवलं.

मी खाली होतो, म्हणून मला कळलं. पहिल्या रविवारी कमलीबाईचं सगळं वजन पुढे होतं, आता उठून कुणाला तरी बोलेल असं. पायाचा अंगठा सारखा ठोकत होता. श्वास चारला तुटायचे आणि ती परत एकपासून सुरू करायची, चिडून. दुसऱ्या रविवारी अंगठा थांबला. तिसऱ्या रविवारी गुडघे दुखत असूनही ती पूर्वीसारखी बसली, भरत भरताना बसायची तशी. दहा झाले, परत दहा झाले.

त्या दिवशी बाकीच्या बायका गेल्यावर ती वैजयंतीबाईंना म्हणाली, "डोये मिटले का मले माह्या मायचा फेटिया दिसते."

"चांगलं आहे की."

"काय चांगलं? पयले सारा दिसे. आता कोपरे दिसत नाई. माय गेली, फेटिया गेला. नक्षी माह्या एकटीच्या डोक्यात हाये, अन् तीबी पुसून चालली. सुई ओवाव म्हणलं तर डोयात मोतीबिंदू." मग तिने माझ्यावर थाप मारली. "लाकूड हातानं चाचपता येते. कोरणी द्या."

निता दाराशी चपला घालत होती. तिने ऐकलं. चपलेचा पट्टा तिला बराच वेळ सापडला नाही.

आता तुम्हाला कळलं असेल, मित्रांनो, की कशासाठी सगळं चाललं होतं. हिरीबाईची नक्षी लाकडावर उतरली तर राहणार होती. नाहीतर म्हातारीबरोबर जाणार होती, आणि म्हातारीच्याही आधी तिची आठवण जात होती.

फेटियाच्या पुढच्या पट्टीवर चौकटी होत्या, चौकटींत त्रिकोण, आणि त्यांच्यामधून पायऱ्यापायऱ्यांची एक रेघ डावीकडून निघून वर उजवीकडे चढत जायची. हिरीबाईचा तांडा खाली नाल्याकाठी होता, लेकीला दिली ती वर माळावर. 'तुही वाट चढती राहो' म्हणून आईने ती रेघ भरली होती. दुसऱ्या कुणाच्या फेटियावर ती नव्हती. कमलीबाई तिला चढण म्हणायची. ती नेमकी कुठे जाऊन संपते, वरच्या कोपऱ्यात काय होतं, हे मात्र तिला आठवेना. तेवढी जागा तिने कोरी सोडली.

तिने कोळशाने माझ्यावर रेघा आखल्या, बोटाने मोजून, टाके मोजायची तशा. आणि कोरायला लागली.

कोरणं म्हणजे काय ते लाकडालाच विचारा. कोरणीचं टोक आत शिरतं तेव्हा दुखतंच, त्यात खोटं काय सांगायचं. पण घावाघावात फरक असतो. श्वास सोडताना मारलेला घाव स्वच्छ जायचा, चोई, म्हणजे लाकडाचं पातळ सालपट, वळून अलगद निघायची. ज्या घावाला तिला सून आठवायची तो खोल जायचा आणि कडा फाटायच्या. सुरुवातीला असे खोल घाव पुष्कळ होते. माझ्या खालच्या डाव्या कोपऱ्याला हात लावून बघा, अजून लागतात. वर वर येता येता ते कमी होत गेले. सहा रविवार लागले. या सहा रविवारांत कमलीबाई वर्गात एक शब्द बोलली नाही, यावर तांड्यात कुणाचाच विश्वास बसला नाही.

मेच्या शेवटी छाप काढायचा दिवस आला. वैजयंतीबाईंनी काचेवर शाई पसरली. रबरी रूळ तिच्यावरून फिरला की चिकट चर्रर्र आवाज येतो. तो रूळ माझ्यावरून गेला. वर पातळ कागद ठेवला आणि कमलीबाईने लाकडी डावाच्या पाठीने तो घासला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग कागद सोलून काढला आणि डोळ्यांजवळ नेला.

चढण उतरत होती. रेघ उजवीकडून खाली डावीकडे... नाही, असं सांगून तुम्ही गोंधळाल. सोपं सांगतो. डावीकडून बघत गेलं तर जी वर चढायला हवी ती वरून खाली येत होती.

"हे कोणाचं हाये?" कमलीबाईने विचारलं.

"तुमचंच. छापलं की डावं उजवं होतं, आजी. आरशासारखं."

"तुमच्या त्या साधूनं माह्या मायले उतरणीले लावलं!"

"पहिल्या रविवारी मी सांगितलं होतं..." वैजयंतीबाई थांबल्या. "नाही. तेव्हा तुम्ही दारात होता. मी परत सांगायला पाहिजे होतं. मला वाटलं, तुमची नक्षी दोन्हीकडून सारखीच आहे. चूक माझी."

"चूक तुमची, अन् पाट माहा."

"ही चूक सुधारते. हाच उलटा छाप पाटाच्या मागच्या बाजूला चिकटवायचा आणि त्यावरून कोरायचं. मग छाप सरळ येईल."

"अन् हा?" कमलीबाईने कागदाच्या वरच्या कोपऱ्यावर बोट आपटलं. तिथे न कोरलेल्या जागेला शाई लागून काळा ठिक्कर डाग उठला होता. "हा कोण भरन? उलटं सुलटं तुमी करसान. गेलेलं कोण आनन? वाट कोठी गेली तेच माहीत नाई, तर कायची चढण अन् कायची उतरण?" तिने कागद खाली टाकला. "राहू द्या. झालं माहं."

ती मला उचलायला वाकली. तेवढ्यात निताने तो कागद उचलला.

निता त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने तो वाळत घालायच्या दोरीवर दोन चिमटे लावून टांगला आणि दोन पावलं मागे सरली. आणि बोलली. बकरी तिथे नव्हती.

"याडी, वर एक चौकोन होता. बारका. त्यात पाच कवड्या."

समाजमंदिरात तुळसाबाईसुद्धा श्वास धरून बसली.

"तुले काय माहीत?" कमलीबाई म्हणाली. वर्षभरात सुनेला उद्देशून हे पहिलं वाक्य.

"एकवीस वर्सं म्या धुतला तो. तुमी पेटीतून काढून उलटा करूनच द्या माह्याजवळ, आरसे घासू नाई म्हणून. मी उलटाच धुवो, उलटाच वाळू घालो. वाळला का तुमीच घडी करून ठेवा. समोरून म्या तो कधी धड पाह्यलाच नाई. तुमी कोरत होत्या तवा मले काईच ओळखू नाई आलं." तिने दोरीवरच्या कागदाकडे बोट केलं. "हे ओळखू आलं. आंगणात दोरीवर असाच दिसे. वर बारका चौकोन, अन् त्यात पाच."

"चार!" कमलीबाई एकदम म्हणाली.

म्हणाली आणि स्वतःच थबकली. दोन महिने जे आठवत नव्हतं ते भांडायच्या नादात तोंडातून निघालं होतं.

"पाच, याडी. मांगून पाच गाठी होत्या."

"समोरून चार कवड्या. मले काय दिसत नव्हतं तवा?"

"समोरचं मले माहीत नाई. गाठी पाच."

कमलीबाईने मान वळवून दोरीवरच्या कागदाकडे बघितलं. तिने बोटं मोजली. ओठ हलले. मग ती खाली बसली, जमिनीवरच, मी शाईने भरलेला होतो ना. "एक कवडी लग्नातच पडली," ती म्हणाली. "माय म्हणे, लावून देतो. मी म्हणलं, राहू दे, घाई हाये. गाडी उभी होती." थोड्या वेळाने म्हणाली, "गाठ राह्यली असन."

"राह्यली होती," निता म्हणाली. "याडी, म्या चुकलो. उंदरानं खाल्ला होता, तुमाले पाहवणार नाई वाटलं..."

"उंदरानं घेर खाल्ला. तू सारा देल्ला." आवाज धारदारच होता. पण तो सुनेकडे बघून होता. "खुऱ्या काढ."

"काय?"

"पाटाच्या खुऱ्या काढ. मांगची बाजू सपाट पायजे ना?"

"मामंजीनं बनवून घेतलेला पाट हाये, याडी. मंग बसता नाई येणार."

"चार खुर्च्या हायेत बसाले. काढ."

एकीचा पाय मोडला आहे हे मी सांगितलंच. असो. वैजयंतीबाईंनी लाकडी हातोडा दिला. निताने खुऱ्यांवर एका अंगाने ठोकत ठोकत त्या खाचेतून सरकवल्या. खिळा नव्हता म्हणून मी फुटलो नाही. मोहनसिंगला हे सांगायला पाहिजे होतं, पण तो नाही. त्या दिवसापासून माझ्यावर कुणी बसलेलं नाही. वाईट वाटलं का, असं विचाराल. वाटलं. बसवून घेणं हे माझं काम होतं, आणि दुसरं कुठलं मी मागितलं नव्हतं.

मागच्या बाजूला उलटा छाप चिकटवला. निताने वरच्या कोपऱ्यात कोळशाने चौकोन काढला आणि पाच ठिपके. कमलीबाईने त्यांवरून बोट फिरवलं. "हा जरा आत घे. हां. तिठीच." मग दोघी कोरायला बसल्या. मी मध्ये, एक या बाजूला, एक त्या बाजूला. खालच्या चौकटी म्हातारीने घेतल्या, वरची चढण सुनेने. बोलायचं नाही हा नियम होताच. दोघींना त्याची चांगली सवय झालेली होती. पण वर्षभराचं न बोलणं आणि हे न बोलणं यांत फरक होता. आधी दोघींचे श्वास वेगवेगळे यायचे. तिसऱ्या रविवारी एकीची चोई निघाली की दुसरीचा घाव पडायचा, आणि ते कुणी ठरवलेलं नव्हतं.

शेवटच्या पायरीपाशी निताची कोरणी घसरली.

चढणीची शेवटची पायरी, चौकोनाला जाऊन मिळणारी. कोरणी आडवी सटकली आणि रेघेला खाच पडली, गव्हाच्या दाण्याएवढी. लाकूड परत जोडता येत नाही. माझी दुसरी बाजू आधीच वापरलेली, तिसरी मला नाही. निताने कोरणी खाली ठेवली आणि दोन्ही हात मांडीत घेतले.

कमलीबाई वाकली. तिला दिसलं नसावं, पण बोटाला लागलं. तिने त्या खाचेवर अंगठा ठेवला आणि तसाच ठेवून बसली. मी वाट बघत होतो. त्या बाईच्या तोंडचं मी चाळीस वर्षं ऐकलेलं आहे. काय येणार ते मला माहीत होतं, असं मला वाटलं.

"राहू दे," ती म्हणाली. "मायचाबी तिठी एक टाका चुकला होता."

निताने मान वर केली. "नाई, याडी. तिठी तर सारे टाके..."

"तू मांगून पाह्यला. म्या समोरून पाह्यला. होता म्हणतो ना. कोर."

हिरीबाईच्या हातून टाका चुकला, असं त्या घरात माझ्यासमोर तोवर कुणी म्हटलेलं नव्हतं. कमलीबाईने तर नाहीच. मग निताने श्वास सोडला आणि कोरणी उचलली.

छाप निघाला. चौकटी, त्रिकोण, आणि त्यांतून डावीकडून उजवीकडे वर जाणारी चढण. वर चौकोन, चौकोनात पाच. शेवटच्या पायरीवर एक पांढरी खाच. कमलीबाईने कागद डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, परत जवळ धरला.

"शाई कमी लावली," ती निताला म्हणाली. "अजून एक काढ."

आतापर्यंत चाळीसेक काढले असतील. गटातल्या बायका आपापल्या लेकींना देतात. तांड्यातल्या दोन नव्या सुना त्यावरून परत कापडावर भरायला शिकताहेत. त्यांना कमलीबाई जे बोलते ते मी इथे सांगणार नाही, तुम्ही लहान आहात. त्या मात्र रोज येतात.

आता माझं मागणं ऐका आणि जा. माझं काम झाल्यावर शाई तशीच वाळू देऊ नका, रॉकेलच्या फडक्याने पुसा. महिन्यातून एकदा जवसाचं तेल लावा. उन्हात टेकवून ठेवलं तर मी वाकेन. तुमच्या घरातही माझ्यासारखं काही अडगळीत असेल. त्याला एकदा उलटं करून बघा, मागची बाजू कुणी बघत नाही. मला काचेत घालून भिंतीवर लावायची टूम निघाली होती. मला ते नको. मला शाई लावा, कागद ठेवा, घासा. झिजलो तर झिजलो.

गेल्या महिन्यात तुळसाबाईने भुसा आणि फेविकॉल कालवून आणला होता. म्हणाली, ती खाच भरून देते, छाप एकदम साफ येईल. कमलीबाईने तिला दारातूनच परत पाठवलं. तुमच्यापैकी कुणाच्या मनात तसं काही असेल तर आत्ताच सांगून ठेवतो. बाकी कुठेही हात लावा. ती खाच भरू नका.